मामाचा डबा: १४३ नाणी आणि भाऊबीजेची मुदत

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

मामी कराडहून आल्या त्या बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊनच. मामा गेल्याला वर्ष झालं. कपाट आवरताना खालच्या कप्प्यात हा डबा सापडला. मामाने आयुष्यभर जमवलेली नाणी आहेत. काही पुरचुंडीत, काही प्लास्टिकच्या पाकिटांत, तर काही तशीच सुटी.

"घड्याळं साफ करतोस नव्हं? मग ही पण लख्ख करून दे. भाऊबीजेला तिघं येतात, तवा वाटून टाकते."

भाऊबीज ३ नोव्हेंबरला आहे. हो म्हणून बसलो. साताऱ्यात वडिलांच्या मागे घड्याळाचं दुकान मी चालवतो. भिंग, चिमटे आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हाताशी आहेच. अडचण एकच. माझ्या धंद्यात गिऱ्हाईक चकाकीचे पैसे देतं आणि नाण्यांच्या बाबतीत हे बरोबर उलटं असतं, एवढं मामाकडूनच ऐकलं होतं. तो म्हणायचा, घासलेलं नाणं म्हणजे सोललेली कैरी, परत साल बसत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज पाण्याचा थेंबही लावला नाही. नुसती मोजणी, वजन आणि लोहचुंबक.

एकूण १४३. तांबं आणि काशाची ५८, त्यांत ७ शिवराया, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे पैसे. चांदीची २१. तांबं-निकेल मिश्रणाची २४. शुद्ध निकेलची १३. निकेल-पितळेची ६. ॲल्युमिनियमची १७. स्टेनलेस स्टीलची ४, म्हणजे १९८८ नंतरची चिल्लर. ती मामाने का ठेवली असावी ते त्यालाच ठाऊक.

चुंबकाने निम्मं काम केलं. १९४७चा वाघ असलेला रुपया दिसायला चांदीसारखा, पण तो निकेलचा असल्याने टचकन चिकटतो. व्हिक्टोरिया राणीचा आणि पंचम जॉर्जचा रुपया चिकटत नाही. तो १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम भरायला हवा. त्यात ९१.७ टक्के चांदी, बाकी तांबं. १९४० नंतर युद्धामुळे चांदी अपुरी पडू लागली आणि रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच ठेवलं, त्यामुळे काट्यावर फरक कळत नाही. कडेला पाहिलं की कळतो, कारण या नव्या रुपयाच्या दातेरी कडेच्या मधोमध एक नक्षीदार खाच आहे.

एका वहीत प्रत्येकाला क्रमांक दिला. वजन, वर्ष, डाग कुठे, सगळं लिहून ठेवलं. दोन्ही बाजूंचे फोटोही काढले. नंतर वाद नको.

२५ सप्टेंबर, बुधवार

सामान आणलं. बॅटरीवाल्याकडून इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि तांब्याला क्लोराइडसारखा दुसरा वैरी नाही. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिनच्या दोन बाटल्या. दुकानदाराने "पोट साफ होत नाही का?" म्हणून काळजीने विचारलं. होत नाही म्हणालो, कोण समजावत बसणार. शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश काढायचं चालत नाही, त्यात रंग, वास आणि तेल घातलेलं असतं. काचेच्या वाट्या, सुती पंचा, बांबूच्या काड्या.

दुकानात अल्ट्रासॉनिक मशीन आहे, घड्याळाचे सुटे भाग त्यात धुतो. मोह झाला. आजच्या चालू एक रुपयाची दोन नाणी एकत्र टाकून पाहिली. चार मिनिटांत एकमेकांवर थरथरून दोन्हींच्या कडेला बारीक पांढरे चट्टे उठले. मशीन बाद.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज हिरवा चिकटा.

मामाने चांगली म्हणून जी नाणी निवडली, ती खिशाखिशांच्या मऊ प्लास्टिकच्या पानांत घातली होती. नेमकी तीच जास्त खराब झाली आहेत. ते प्लास्टिक पीव्हीसीचं. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं, आणि पीव्हीसी स्वतः विघटित होताना त्यातून आम्ल सुटतं. नाण्यावर तेलकट हिरवा थर बसतो. बोट लावलं तर गोंद लागल्यासारखं वाटतं. डब्यात सुटी पडलेली चिल्लर बिचारी बरी निघाली.

यावर ॲसिटोन खरंच चालतं. काचेच्या वाटीत नाणं बुडवलं, वर दुसरी वाटी पालथी घातली, दहा मिनिटांनी बाहेर काढून स्वच्छ ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवलं. पहिल्या वाटीत हिरवट पाणी राहिलं. घासायचं काही नाही, कापसाच्या बोळ्याने नुसतं गुंडाळल्यासारखं फिरवायचं. ॲसिटोन धातूला लागत नाही, फक्त तेल, गोंद, प्लास्टिक विरघळवतं. म्हणून चांदी, तांबं, निकेल सगळ्यांना एकच वाटी चालली. मात्र जिथे आम्लाने धातू आधीच खाल्ला होता तिथे थराखाली खड्डे निघाले. एका १९१९च्या तांबं-निकेलच्या चार आण्यांवर तर चिकटा निघाला आणि खाली देवीचे व्रण.

हे सगळं गच्चीवर केलं. घरात देवापाशी निरांजन तेवत होतं आणि ॲसिटोनची वाफ जमिनीलगत सरपटत जाऊन पेट घेते.

२९ सप्टेंबर, रविवार

शिवराया पॅराफिनमध्ये बुडवून ठेवल्या. झाकण लावलं. आता तीन आठवडे हात लावायचा नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

दुकान बंद. हा दिवस वहीत लाल शाईने लिहितोय.

काशाच्या काही पैशांवर तूप-तेलाचा जुना मेणचट थर होता, म्हणून कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवला. तेवढ्यात शेजारच्या ताटात ॲल्युमिनियमचे पैसे दिसले. दोन पैसे, तीन पैसे, पाच पैसे. तेही कळकट. "एवढ्यात हेही" म्हणून अकरा नाणी त्याच भांड्यात सोडली आणि फोन घ्यायला आत गेलो.

परत आलो तर भांड्यात सोडावॉटर झालेलं. ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप एक पातळ कवच धरलेलं असतं, त्यावरच ती नाणी तगतात. सोड्यासारखा अल्क ते कवच विरघळवतो, मग उघडा धातू पाण्याशी भिडतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघू लागतात. वर आणखी भांड्यात तांब्याची नाणी टेकलेली. ओल्या सोड्यात दोन धातू अंगाला अंग लावून बसले की झीज आणखी वाढते. अकराही नाणी राखाडी, खरबरीत झाली. षटकोनी तीन पैशांवरची अक्षरं बसक्या आवाजासारखी झाली.

पैशात नुकसान म्हणाल तर शंभर रुपयेही नाही. पण १९६४पासूनचे हे ॲल्युमिनियमचे पैसे मामा आम्हा भाचरांना मोजायला द्यायचा. फुंकर मारली तरी उडतात म्हणून आम्ही हसायचो. एक पैशाचं नाणं पाऊण ग्रॅमचं, मग हसू येणारच. उरलेली सहा डिस्टिल्ड पाण्यात एक थेंब सौम्य साबण घालून बोटाच्या पेराने धुतली, टिपली, संपलं. ॲल्युमिनियमला एवढंच हवं होतं.

मामींना फोन करून सांगितलं. "जाऊ दे रं, त्याचं आता बिब्ब्याचं फूल बी येत नाही," म्हणाल्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

निकेल: साबणपाणी, टिपणे, झालं. कठीण धातू, काळवंडत नाही, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

निकेल-पितळेचे आणे, १९४२ ते १९४५चे. त्यांतला एक पार झिजलेला आणा मुद्दाम बळी दिला, कारण घरोघरी पितळेवर लिंबूच चोळतात. अर्ध्या बाजूला लिंबू लावलं. दोन मिनिटांत लख्ख पिवळा झाला, बायकोने लगेच "बघा" म्हणून सुनावलं. पाच मिनिटांनी गुलाबी झाक आली. लिंबाचं आम्ल पितळेतलं जस्त आधी ओढून घेतं आणि वर तांबूस कातडी उरते. समईला हे दर महिन्याला होतं, पण समई जाड असते आणि तिच्यावर वर्ष कोरलेलं नसतं. उरलेले पाच आणे ॲसिटोन दाखवून बाजूला ठेवले.

भोकाचा पैसा, १९४३ ते १९४७, एकूण नऊ. चार एका काळ्या करदोट्याच्या तुकड्यात ओवलेले. कोणाच्या कमरेला होते ते मामींनाही सांगता येईना. दोरा कापला नाही. एकाच्या भोकाभोवती गंजाचं वर्तुळ आहे, म्हणजे कुणीतरी त्याचा वॉशर केला होता. तोही तसाच ठेवला. नुसता पैसा कुणीही बघतो, बोल्टखाली राबलेला कुठे मिळतो.

६ ऑक्टोबर, रविवार

तांब्यातले तीन पैसे वेगळे काढले. बाकीच्यांवरचा हिरवा थर गुळगुळीत, घट्ट, पोपटी ते गडद. तो त्रास देत नाही, उलट खालचं अक्षर त्याने धरून ठेवलेलं असतं. या तिघांवर मात्र फिकट हिरवी पूड आहे. काडी लावली की पिठासारखी सुटते, आणि खाली खळगा. चार दिवसांत कागदावर पुन्हा पूड पडलेली. हा रोग आहे. तांब्याच्या आत क्लोराइड बसलेलं असतं. हवेतली ओल लागली की आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतं. चक्र थांबत नाही.

उपचार म्हणून धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एकत्र करून डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रावण केलं आणि तिघांना त्यात बुडवलं. परवा ज्या सोड्याने ॲल्युमिनियमची वाट लावली तोच आज तांब्याचं औषध. द्रावण हळूहळू क्लोराइड बाहेर ओढतं. दर आठवड्याला बदलायचं. तिघांना इतरांच्या पंच्यानेसुद्धा पुसायचं नाही असं ठरवलं. पूड उडून दुसऱ्यावर बसलेली नको.

९ ऑक्टोबर, बुधवार

चांदी. सगळ्यांत जास्त मोह इथे.

काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी, खाण्याचा सोडा असा एक उपाय सगळे सांगतात. तत्त्व खरं आहे. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि चांदी पांढरी होते. १९४३चा अर्धा रुपया, ५० टक्के चांदीवाला, बळी म्हणून घेतला. वास आला. काळं गेलं. हातात आलं ते चुना फासल्यासारखं पांढरं, मढ्याच्या चेहऱ्यासारखं. काळ्या थरातली चांदी परत मिळते, पण ती पूर्वीच्या जागी घट्ट बसत नाही, पृष्ठभागावर सच्छिद्र चूर्ण होऊन राहते. वर उंचवट्यांवर, राजाच्या गालावर, तांबूस छटा दिसू लागली, कारण आत ४० टक्के तांबं आहे आणि वरची चांदी झिजून गेली आहे. काळेपणाने आजवर ते झाकलं होतं.

बाजारात चांदीचे दागिने बुडवून काढायचं द्रावण मिळतं, दागिन्यांसाठी तेच घेतात. त्यात आम्ल असतं आणि दर बुडवणीला चांदीचा पातळ पापुद्रा जातो. नवं नाणं हलवलं की प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, तो ठशाखाली धातू दाबून वाहिल्याच्या सूक्ष्म रेषांमुळे. पापुद्रा गेला की त्या रेषा जातात आणि मग चमक उरते ती स्टीलच्या ताटाची. ते आणलंच नाही.

एक रुपया पाहून हसू आलं. पंचम जॉर्ज, १९१८, आणि राजाच्या तोंडावरून आडवा काळा पट्टा, सरळ, फूटपट्टीने ओढल्यासारखा. मामाने रुपयांची चवड रबरबँडने बांधली होती. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात. रबर कधीच तुटून पडलं, गंधक राजाच्या नाकावर राहिला. पट्टा काढला नाही. खालच्या बाजूला मुंबई टांकसाळीचा मोहरीपेक्षा बारीक ठिपका आहे. चोळलं की पहिला तोच जाईल, मग हा रुपया मुंबईचा की कलकत्त्याचा हे कोणी सांगू शकणार नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसऱ्याचं सोनं द्यायला कराडला गेलो, तर मामींनी देव्हाऱ्यातला रुपया आणून पुढ्यात ठेवला. "ह्यो बघ. ह्यो कसा हाय, आन् तुझी अजून काळीच!"

राणीछाप, १८६२. हे वर्ष फसवं आहे. १८६२ छापलेले रुपये १८७४पर्यंत पाडले जात होते. मामी १९७१ साली लग्न होऊन आल्या, त्याआधी त्यांच्या सासूबाई. दर धनत्रयोदशीला लिंबू आणि रांगोळी लावून घासायचा, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहायचं, पुन्हा डब्यात. आरशासारखा आहे. फक्त राणी नाही. मुकुट कुठे आणि केस कुठे हे अंदाजाने समजून घ्यायचं, नाक गेलेलं, वर्षातला ६ हा ० झालेला.

काटा खिशात होता. परवानगी घेऊन वजन केलं. ११.२१ ग्रॅम. डब्यातला दुसरा १८६२चा, काळाकुट्ट, ११.५७. पूजेत बसायच्या आधी तोही बाजारात झिजला असणारच, सगळा दोष लिंबाचा नाही. पण रांगोळी म्हणजे गारगोटीची पूड, चांदीहून कितीतरी कठीण. मी आकडे सांगितले. मामींनी दोन्ही रुपये हातात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "मग लक्ष्मीला कळकट रुपया दाखवू व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा घेतला.

२० ऑक्टोबर, रविवार

शिवराया बाहेर काढल्या. पॅराफिन तपकिरी झालं. माती मऊ पडली होती.

इथे एक स्थानिक अवजार कामी आलं. बाभळीचा काटा. सुई ओरखडते, बांबूची काडी अक्षराच्या कोपऱ्यात पोचत नाही. काटा तांब्याहून मऊ आणि टोकाला बारीक, बोथट झाला की दुसरा. भिंगाखाली अक्षराच्या कडेने माती उचलत गेलो. संध्याकाळचे पाच तास गेले, दुकानात दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

शिवराईवर एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति", तीन आणि दोन ओळींत. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा आणि घाव हाताने घातलेला, त्यामुळे पूर्ण मजकूर एकावरही येत नाही. एकीवर "राजा"चा "जा" आणि खाली "शिव", दुसरीवर नुसतं "श्री" आणि अर्धा "रा". चार नाण्यांवर "छत्र" आणि "पति" यांच्या मधे दोन आडव्या रेघा, म्हणजे दुदांडी, पेशवाईकडची. राज्याभिषेकाच्या वेळची, १६७४ची, यांत एकही नाही. मामा मात्र पाहुण्यांना सातही महाराजांच्या काळातल्या म्हणून दाखवायचा. वजनं ८.१ ते ९.४.

दोनवर हिरव्याखाली लालसर थर लागला. तिथे थांबलो. तो तांब्याचाच ऑक्साइड, त्याच्याखाली गेलं की नागडं तांबं. सातव्या शिवराईवर मातीखाली "त" दिसेल अशा आशेने एक काटा जास्त दाबला आणि पापुद्रा निघाला. खाली अक्षर नव्हतं. वहीत तसं लिहिलं.

शेवटी ॲसिटोनने तेल काढलं, पंच्यात टिपलं, दिव्यापासून दूर उन्हात ठेवलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आजारी तिघांपैकी दोन सुधारले, आठवडाभर कोरड्या कागदावर पूड नाही. तिसरा परत सोड्यात.

ठेवण्याची सोय: जाड पुठ्ठ्याच्या चौकटी, आत पीव्हीसी नसलेली पारदर्शक फिल्म. प्लास्टिकच्या घट्ट डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या, औषधांच्या बाटल्यांतून साठवलेल्या. रबर नाही, वर्तमानपत्र नाही, लाकडी पेटी नाही. लाकूडही आम्ल सोडतं. भाऊबीजेला येणाऱ्या तिघांचे तीन डबे झाले. अकरा राखाडी पैसे कुणाच्याच वाट्याला घातले नाहीत, ते मी ठेवून घेतले. मोजणीला १३२ उरली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजनाला कराडला. मामी मंगळवारी धनत्रयोदशीला रुपया घासायला बसल्याच होत्या, असं वहिनीने सांगितलं. लिंबू कापून ठेवलं होतं. मग उठून गेल्या आणि त्याचं सरबत केलं. आज चौरंगावर दोन रुपये होते. एक आरशासारखा आणि शेजारी डब्यातला तो काळा, ज्यावर राणीचं नाक शाबूत आहे. दोघांनाही हळदकुंकू.

आरती झाल्यावर खिशातून वजनाचा काटा काढला. मामींनी डोळे वटारले, पण नाही म्हणाल्या नाहीत. आरशासारखा ११.२२. ग्रॅमचा शंभरावा भाग वाढला. पुसू का विचारलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, हळद हाय ती."